वय वाढले, हात थकले. शस्त्र कोणते पेलेल?

ज्येष्ठ परवानाधारकांच्या दृष्टीने ‘लहान’ आणि ‘सोपे’ हे दोन शब्द समानार्थी नाहीत. पिस्तूल निवडताना, बदलताना किंवा सोडून देताना ध्यानात घ्यायच्या बाबींचा हा आढावा.

निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली की, छाननी समितीने सूट दिलेले मोजके लोक वगळता, बहुतेक परवानाधारकांना आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागतात. वर्षानुवर्षे कपाटात कुलूपबंद असलेले पिस्तूल त्या निमित्ताने बाहेर निघते. जमा करण्यापूर्वी ते रिकामे आहे याची खात्री करायची असते. त्यासाठी मॅगझीन काढायचे, नळीवरची स्लाइड मागे ओढायची आणि आत काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहायचे, एवढेच ते काम. पंचेचाळिसाव्या वर्षी सहज होणारी ही क्रिया सत्तरीत मात्र अनेकांना जमत नाही. स्लाइड अर्ध्यावर येते आणि बोटांतून निसटते. अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. ज्याला आपले शस्त्र रिकामे करता येत नाही, त्याच्या हाती ते सुरक्षित नाही, हे सत्य त्या क्षणी उमगते.

अशा वेळी मिळणारा सर्वसाधारण सल्ला म्हणजे ‘आता एखादे छोटे, हलके घ्या’. सल्ला हितचिंतकाचा असतो, पण बहुधा चुकीचा असतो. त्याची कारणे यंत्राच्या रचनेत आहेत आणि ती समजून घेण्यासाठी शालेय पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

हलक्या शस्त्राचा जड धक्का

गोळी पुढे जाते तेव्हा तेवढाच संवेग शस्त्राला मागे मिळतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा हा रोकडा व्यवहार आहे. काडतूस तेच ठेवून शस्त्राचे वजन निम्मे केले, तर शस्त्र दुप्पट वेगाने मागे येते आणि हाताला पोहोचणारी ऊर्जाही दुप्पट होते. .३२ बोरच्या पिस्तुलाची गोळी साधारण साडेचार ग्रॅमची असून ती सेकंदाला सुमारे पावणेतीनशे मीटर वेगाने सुटते. सातशे ग्रॅम वजनाच्या पिस्तुलात तिचा धक्का किरकोळ वाटतो. साडेतीनशे ग्रॅमच्या पिस्तुलात तोच मनगटाला झोंबतो. ९ मिलिमीटरच्या काडतुसाचा संवेग याच्या दुपटीहून अधिक असल्याने, समान वजनाच्या पिस्तुलात त्याच्या धक्क्याची ऊर्जा चौपटीहून अधिक भरते.

देशी बनावटीच्या शस्त्रांतही हे गणित दिसते. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये बाजारात आणलेले ‘निर्भीक’ हे .३२ बोरचे रिव्हॉल्व्हर पाचशे ग्रॅमचे आहे. २०२३ मध्ये आलेले ‘प्रबल’ सुमारे सातशे ग्रॅमचे. दोहोंत एकच काडतूस वापरले, तर ‘निर्भीक’च्या धक्क्याची ऊर्जा ‘प्रबल’पेक्षा सुमारे चाळीस टक्के अधिक येते. ‘निर्भीक’ महिलांना बाळगण्यास सुलभ म्हणून पुढे आणले गेले होते. पिशवीत बाळगण्याच्या दृष्टीने ते खरेच सुलभ आहे. पण बाळगणे वेगळे आणि चालवणे वेगळे. ज्यांचे शस्त्र बहुतेक वेळ घरातच असते, त्या ज्येष्ठांसाठी दोनशे ग्रॅम अधिक वजन हा भार नसून मनगटाचे संरक्षण आहे.

वजनाइतकेच मुठीच्या आकारालाही महत्त्व आहे. फार छोट्या पिस्तुलाच्या मुठीवर दोनच बोटे बसतात, करंगळी हवेत राहते. पकडीचा मोठा भाग करंगळी आणि अनामिका या बोटांनी पेललेला असतो. तीच बाहेर राहिली तर सारा ताण अंगठा व तर्जनीमधल्या बेचक्यावर येतो. सांधेदुखीत सर्वाधिक त्रास देणारी जागा नेमकी तीच. मूठ अतिशय बारीक असेल तर धक्का लहान क्षेत्रावर एकवटतो, अतिशय जाड असेल तर बोटे पुरी वळत नाहीत. तळहात भरून तिन्ही बोटे बसतील आणि तर्जनीचे पहिले पेर विनासायास चापावर पोहोचेल, अशी मूठ योग्य समजावी.

लहान काडतूस, कडक स्लाइड

दुसरा गैरसमज काडतुसाविषयी आहे. काडतूस जितके दुबळे तितके पिस्तूल सोपे, असे वाटणे स्वाभाविक आहे. धक्क्यापुरते ते खरे आहे, स्लाइडपुरते नाही.

भारतात सामान्य परवानाधारकाला मिळणारी .३२ बोरची बहुतेक पिस्तुले ‘ब्लोबॅक’ पद्धतीची असतात. या रचनेत नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकवणारी कळ नसते. गोळी नळीबाहेर पडून आतला दाब उतरेपर्यंत स्लाइड बंद राहणे आवश्यक असते, आणि ते काम केवळ स्लाइडचे वजन व स्प्रिंगचा जोर यांवर सोपवलेले असते. म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते. स्लाइड मागे ओढताना हाताला झगडावे लागते ते या स्प्रिंगशी. बाहेर घोडा असलेल्या पिस्तुलात स्लाइड ओढताना घोड्याच्या स्प्रिंगचाही विरोध त्यात मिळतो.

उलट मोठ्या काडतुसांच्या पिस्तुलांत गोळी सुटताना नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकींत अडकलेल्या असतात व नंतर सुटतात. दाब रोखण्याचे काम ही अडकण करत असल्याने स्प्रिंग सौम्य ठेवता येते. त्यामुळे अधिक ताकदीच्या काडतुसाच्या पिस्तुलाची स्लाइड दुबळ्या काडतुसाच्या पिस्तुलापेक्षा हलकी लागते, असा विरोधाभास प्रत्यक्षात पाहायला मिळतो.

नागरी पिस्तुलांची सर्वांत मोठी बाजारपेठ असलेल्या अमेरिकेत उत्पादकांनी ही अडचण हेरली. स्मिथ अँड वेसन कंपनीने २०१८ मध्ये ‘शील्ड ईझी’ हे .३८० बोरचे पिस्तूल आणले. छोट्या काडतुसासाठी अडकणारी नळी, आतला घोडा, सौम्य स्प्रिंग, मॅगझीन भरताना अंगठ्याला आधार देणारी बाजूची खुंटी आणि पकडायला सोपी स्लाइड अशी त्याची रचना होती. ग्राहक अर्थातच दुबळ्या हातांचे. इटलीच्या बेरेट्टा कंपनीने फार पूर्वीच निराळा मार्ग काढला होता. तिच्या काही छोट्या पिस्तुलांत एक कळ दाबताच नळीचे मागचे टोक वर उचलले जाते आणि काडतूस थेट नळीत ठेवता किंवा काढता येते. स्लाइड ओढण्याची गरजच पडत नाही.

ही उदाहरणे येथे देण्याचा हेतू खरेदीचा नाही. भारतात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांना शस्त्रांची आयात जवळपास बंद आहे, आणि ९ मिलिमीटर व .३८ ही काडतुसे वापरणारी शस्त्रे ‘प्रतिबंधित बोर’मध्ये मोडतात. जुनी विदेशी पिस्तुले एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे मोठ्या किमतीला जातात. मात्र विदेशी उत्पादकांनी ज्या बाबींचा विचार केला, त्या बाबी येथल्या खरेदीदारानेही तपासून पाहाव्यात: स्लाइड किती जोर मागते, तिच्यावरच्या खाचा बोटांना पकड देतात का, मॅगझीन भरणे जमते का आणि शस्त्र रिकामे करणे सोपे आहे का.

स्लाइड ओढण्याची पद्धत सुधारल्यानेही पुष्कळ फरक पडतो. अंगठा व तर्जनीच्या चिमटीत स्लाइड धरून ओढणे हा सर्वांत कष्टाचा प्रकार. त्याऐवजी पिस्तूल छातीजवळ घ्यावे, नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर ठेवावे, दुसऱ्या हाताचा पंजा वरून स्लाइडवर घट्ट बसवावा आणि मूठ धरलेल्या हाताने पिस्तूल पुढे ढकलावे. बोटांचे काम अशा रीतीने दंड आणि खांद्याकडे जाते. पंजा नळीच्या तोंडापुढे जाणार नाही, एवढे अवधान मात्र अनिवार्य आहे. प्रशिक्षकासमोर, रिकाम्या शस्त्रावर दहा वेळा हे करून पाहावे. दहाव्या वेळीही जमले, तर ते पिस्तूल आपले. तिसऱ्याच वेळी हात दमला, तर नव्हे.

रिव्हॉल्व्हर हा उतारा आहे का?

स्लाइड जमत नसेल तर रिव्हॉल्व्हर घ्यावे, असे सांगितले जाते. या सल्ल्यात तथ्य आहे. चक्री उघडली की काडतुसे दिसतात, रिकामे करणे सोपे असते, मॅगझीनच्या स्प्रिंगशी झटापट नसते. आणखी एक लाभ आहे. स्वयंभरणी पिस्तुलाला चालण्यासाठी घट्ट मनगटाचा आधार लागतो. मनगट सैल पडले तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि काडतूस अडकते. रिव्हॉल्व्हरला ही अडचण नाही.

परंतु एक कष्ट वाचवताना दुसरा पदरात येतो. रिव्हॉल्व्हरचा चाप सरळ दाबला तर तोच चाप चक्री फिरवतो, घोडा उचलतो आणि सोडतो. त्यासाठी साधारण साडेचार ते साडेपाच किलो इतका जोर एका तर्जनीला लावावा लागतो. घोडा आधी अंगठ्याने ओढून ठेवला तर हा जोर निम्म्याहून कमी होतो, पण संधिवाताच्या अंगठ्याला घोडा ओढणे जड जाते, आणि ओढलेला घोडा न झाडता पुन्हा खाली बसवणे थरथरत्या हाताला धोक्याचे ठरते. म्हणून तर्जनी दुखत असेल तर रिव्हॉल्व्हर, अंगठा व पंजा दुखत असेल तर पिस्तूल अधिक त्रास देईल, असा ढोबळ हिशेब मनाशी ठेवावा. दोन्ही दुखत असतील तर प्रश्न शस्त्राच्या निवडीपलीकडचा आहे.

येथे एक सूचना महत्त्वाची. .३२ बोरच्या पिस्तुलाचे आणि .३२ बोरच्या रिव्हॉल्व्हरचे काडतूस एक नाही. बोर सारखा दिसला तरी काडतुसाची लांबी व कडेची घडण वेगळी असते. शस्त्र बदलले की जुनी काडतुसे विक्रेत्याकडे अथवा पोलिसांकडे रीतसर जमा करावीत.

.२२ बोरचा पर्यायही विचारात घेण्याजोगा आहे. इशापूरच्या रायफल कारखान्याचे ‘निडर’ हे रिव्हॉल्व्हर अवघे अडीचशे ग्रॅमचे आहे. काडतूसच सौम्य असल्याने इतक्या हलक्या वजनातही धक्का सोसवतो. मात्र रिव्हॉल्व्हर असल्याने चापाची कसोटी येथेही चुकत नाही. शिवाय .२२ च्या काडतुसात स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेत भरलेले असल्याने, मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसांच्या तुलनेत ते न पेटण्याची शक्यता थोडी अधिक असते. सरावासाठी उत्तम, भरवशाला काहीसे उणे, असे त्याचे स्थान आहे.

डोळे, कान आणि औषधे

हातांची चर्चा होते, डोळ्यांची राहून जाते. पिस्तुलाचा पुढचा नेमबिंदू डोळ्यांपासून हाताच्या अंतरावर, म्हणजे साधारण साठ ते सत्तर सेंटिमीटरवर असतो. वाचनाचा चष्मा पस्तीस-चाळीस सेंटिमीटरसाठी आणि दूरचा चष्मा रस्त्यासाठी असतो. नेमबिंदू नेमका दोहोंच्या मधे सापडतो. दुहेरी काचांचा चष्मा असणारे नेम धरताना हनुवटी वर करून मान मागे टाकतात आणि त्यासरशी तोलही जातो. नेत्रतज्ज्ञाला हे अंतर मोजून सांगितले तर त्या अंतराचा चष्मा करून मिळतो. संगणकावर काम करणाऱ्यांना देतात तोच हा प्रकार. पुढच्या नेमबिंदूला पांढरा किंवा नारिंगी ठिपका असेल तर तो लवकर दिसतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असल्यास नव्या दृष्टीने सराव पुन्हा पहिल्यापासून करावा.

पिस्तुलाच्या बाराचा आवाज दीडशे डेसिबलच्या पुढे जातो आणि नळी जितकी आखूड तितका तो कानाला अधिक झोंबतो. उतारवयात उरलेली श्रवणशक्ती एका दुपारीही घटू शकते. सरावाच्या वेळी कानात बोळे आणि वरून कर्णकवच, असे दुहेरी संरक्षण ज्येष्ठांनी घ्यावे.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांच्या त्वचेवर किरकोळ दाबानेही काळेनिळे डाग उठतात. स्लाइडच्या धारदार कडा त्यांना पटकन जखमी करतात. झोपेच्या गोळ्या, वेदनाशामके व काही मानसोपचाराची औषधे यांमुळे प्रतिसाद मंदावतो. ती घेतल्यावर शस्त्राला हात लावू नये. छातीत पेसमेकर बसवलेल्यांनी, विशेषतः शेतसंरक्षणाच्या परवान्यावर खांद्याला लावायची बंदूक वापरणाऱ्यांनी, ती त्या बाजूच्या खांद्याला टेकवण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

ज्यांना केवळ नेमबाजी हवी आहे

शस्त्र जवळ ठेवण्यामागे प्रत्येक वेळी भीती किंवा रानडुकरेच असतात असे नाही. अनेकांना नेमबाजीचा छंद असतो, आणि वाढत्या वयात तो सोडण्याचे कारण नाही. उत्तर प्रदेशातल्या बागपत जिल्ह्यातील जोहरी गावच्या चंद्रो तोमर आणि त्यांच्या जाऊबाई प्रकाशी तोमर यांनी साठी उलटल्यावर पिस्तूल हाती घेतले आणि ज्येष्ठांच्या स्पर्धांत पदके मिळवली. त्यांच्या जीवनावर २०१९ मध्ये चित्रपट निघाला. चंद्रो तोमर यांचे २०२१ मध्ये निधन झाले.

छंदासाठी हवेच्या दाबावर चालणारे .१७७ बोरचे पिस्तूल सर्वांत अनुकूल. त्याला धक्का जवळपास नसतो. कायद्याने ठरवलेल्या ऊर्जामर्यादेच्या आतील अशा शस्त्राला परवाना लागत नाही. ओळखीचा पुरावा मात्र द्यावा लागतो. दहा मीटरच्या स्पर्धेत चापाचा जोर किमान पाचशे ग्रॅम असावा असा नियम आहे, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या चापाच्या सुमारे एक दशांश. स्पर्धेचे पिस्तूल एका हाताने धरायचे असून ते साधारण किलोभर वजनाचे असते, तेवढा ताण खांद्याला सोसायला हवा. छंद म्हणून नेम धरणाऱ्याने दोन्ही हातांनी किंवा टेकू घेऊन नेम धरला तर कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

कपाटातल्या शस्त्राची जबाबदारी

नवे शस्त्र घेण्याआधी कायद्याची चौकट पाहणे क्रमप्राप्त आहे. शस्त्र कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि वारशाने आलेले शस्त्रही त्यात मोजले जाते. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली. पिस्तुलाऐवजी रिव्हॉल्व्हर हवे असेल तर परवान्यात तशी नोंद करून घ्यावी लागते. आधी खरेदी आणि मग नोंद, असा क्रम चालत नाही.

फारशा परवानाधारकांना ठाऊक नसलेली एक तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा त्याने ते शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, तो हयात असतानाच कायदेशीर वारसाच्या नावे परवाना मागता येतो. वारसाला पात्रतेच्या सर्व अटी पूर्ण कराव्या लागतात. निर्णय परवाना अधिकाऱ्याचा असतो. वडिलांचे किंवा आजोबांचे पिस्तूल घरात राहावे अशी इच्छा असेल, तर हा मार्ग वेळीच पत्करणे शहाणपणाचे.

वेळ निघून गेल्यास काय होते, याचा विचार घरोघरी क्वचितच होतो. परवानाधारकाचे निधन झाले की त्याचा परवाना संपतो. कपाटातले शस्त्र मात्र तिथेच असते, आणि ते आता पत्नीच्या किंवा मुलांच्या ताब्यात विनापरवाना असते. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे असे शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावे लागते. परवान्याविना शस्त्र बाळगल्यास किमान दोन व कमाल पाच वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे. दुःखाच्या दिवसांत कुटुंबाला ही आठवण राहील असे नाही. म्हणून शस्त्र कुठे आहे, चावी कुठे आहे, परवान्याची प्रत कुठे आहे आणि नंतर काय करायचे, हे परवानाधारकाने स्वतःच लिहून एका विश्वासू व्यक्तीला सांगून ठेवावे.

तोवर ते सांभाळण्याचा नियम साधा आहे: शस्त्र रिकामे आणि कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, नातवंडांच्या व घरकामाला येणाऱ्यांच्या दृष्टीआड. विसराळूपणा वाढू लागला, औषधांची वेळ चुकू लागली, जोडीदार गेल्यावर मन खचले, तर शस्त्र काही काळ घराबाहेर ठेवणेच इष्ट. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. चोराच्या भीतीने घरात आणलेले शस्त्र घरच्याच माणसावर उलटते, याचा हा मोठा दाखला. अधिकृत विक्रेते शुल्क घेऊन शस्त्र सांभाळतात. ते ठेवून घेण्यास सांगण्यात कमीपणा नाही.

चालवण्याचे सोडाच, शस्त्र उघडून रिकामे करणे हीच शेवटी खरी परीक्षा. दर सहा महिन्यांनी, शुद्ध चित्ताने आणि चांगल्या उजेडात, कोणाच्याही मदतीशिवाय ते करता येते का, हे ज्येष्ठ परवानाधारकाने स्वतःला विचारावे. उत्तर होकारार्थी असेपर्यंत योग्य वजनाचे, भरल्या मुठीचे, सौम्य स्लाइडचे किंवा हलक्या चापाचे शस्त्र त्याच्या हाती शोभते. उत्तर नकारार्थी आले, तर पुढची पायरी दुकानाची नसून परवाना कार्यालयाची आहे.